शब्दचर्चा : 'डुप्लिकेट कंटेंट' म्हणजे नक्कल की दुबार?

प्रश्न : गूगलसारख्या शोधयंत्रांबद्दलच्या एका मार्गदर्शिकेचे मराठीकरण करते आहे. 'डुप्लिकेट कंटेंट', म्हणजे एकाहून अधिक वेबपत्त्यांवर सापडणारा तोच मजकूर, यासाठी 'नक्कल केलेला मजकूर' असे लिहिले, तर सहकाऱ्याने लगेच विचारले, "चोरीचा का?" मला तसे म्हणायचे नव्हते. दुसरा शब्द सुचवाल का?

– 'पुनरुक्ती' चालेल. रुळलेला शब्द आहे.

– पुनरुक्ती लिहिणाऱ्याच्या हातून होते, एकाच लेखनात. इथे लेख एकदाच लिहिलेला असतो, फक्त तो अनेक पत्त्यांवर सापडतो. मी 'दुबार मजकूर' म्हणेन. मतदारयादीत एकच नाव दोनदा आले की ते दुबार नाव. माणूस खराच असतो, नोंद मात्र दोन ठिकाणी झालेली असते. संकेतस्थळांवर बहुतेक वेळा हेच घडते. तेच पान 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून उघडते, न लावताही उघडते. छपाईसाठी त्याची वेगळी प्रत असते. वस्तूंची यादी किमतीनुसार लावली की पत्त्याला नवे शेपूट जोडले जाते. २०१३ मध्ये गूगलचे तेव्हाचे अभियंते मॅट कट्स यांनी वेबवरचा साधारण २५ ते ३० टक्के मजकूर असा दुबार असल्याचे सांगितले होते. त्या सगळ्याला नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल.

– पण 'दुबार पेरणी'त दुबार म्हणजे दुसऱ्यांदा. पहिली वाया गेली म्हणून केलेली.

– खरे आहे. क्रियेला लावला की 'पुन्हा' आणि नोंदीला लावला की 'दोनदा असलेले', असे दोन अर्थ त्याला आहेत. मजकुराला दुसराच लागू पडतो, गोंधळ होणार नाही.

'नक्कल'ला माझा विरोध आणखी एका कारणाने आहे. नक्कल म्हटले की पाठोपाठ शोधयंत्राकडून होणारी शिक्षा आठवते, आणि लोक घाबरून आपलीच चांगली पाने काढून टाकतात. दुबार मजकुराबद्दल वेगळी शिक्षा नाही, हे गूगलने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. शोधयंत्र सारख्या पानांचा गट करते, त्यातले एक निवडते आणि निकालांत सहसा तेवढेच दाखवते. बाकीची मागे राहतात. तोटा होतो तो वेगळ्या वाटेने. गट नीट जुळला नाही तर बाहेरून आलेले दुवे तीन-चार पत्त्यांत वाटले जातात आणि एकही पान पुरेसे वर येत नाही. कधी तुम्हाला नको तोच पत्ता निवडला जातो. स्थळ फार मोठे असेल तर क्रॉलर, म्हणजे शोधयंत्रासाठी पाने वाचत फिरणारा प्रोग्रॅम, तीच ती पाने वाचत राहतो आणि नव्या पानांची पाळी लांबते. म्हणून 'शिक्षा'ऐवजी 'निवड' आणि 'गाळणी' हे शब्द वापरा.

प्रश्न : मग निवडलेल्या पानाला 'मूळ पान' म्हणू?

– 'मूळ' म्हणजे आधीचे. जुन्या कागदपत्रांत 'अस्सल बरहुकूम नक्कल' असे लिहीत, तिथे अस्सल आणि नक्कल यांचा क्रम ठरलेला होता. इथे तसा क्रम नाही. कधी दुसऱ्याने उचललेली प्रतही निवडली जाते. निवडलेल्या पत्त्याला इंग्रजीत 'कॅनॉनिकल' म्हणतात, त्याला मी 'प्रमाण पत्ता' म्हणतो, अनेक रूपांतून एक प्रमाण ठरवावे तसा. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी पानाच्या कोडमध्ये घालायची जी खूण एकत्र आणली ती हेच सांगते : यांतला हा प्रमाण धरा. गूगल ती खूण शिफारस म्हणून वाचते, हुकूम म्हणून नाही. जुना पत्ता बंदच करायचा असेल तर '३०१', म्हणजे पान कायमचे हलल्याचा सर्व्हरचा संकेत, लावून तो नव्या पत्त्याकडे वळवावा.

– थोडेफार शब्द बदललेल्या पानांचे काय?

– 'जवळपास दुबार'. ती ओळखायला १९९७ मध्ये आंद्रेई ब्रोडर यांच्या गटाने मजकुराचे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे पाडायची रीत मांडली. तुकड्यांना त्यांनी 'शिंगल' म्हटले, म्हणजे छपरावर एकावर एक चढवून बसवतात त्या फळ्या. मराठीत मी बेधडक 'कौले' लिहीन.

– आणि खरोखरच चोरलेला मजकूर?

– त्याला 'उचललेला मजकूर' म्हणा. इतरांची पाने उचलून, स्वतःची काहीच भर न घालता छापणे गूगलच्या नियमांत स्पॅम ठरते, तिथे शिक्षाही होते. ते प्रकरण वेगळ्या परिच्छेदात घ्या.

प्रश्न : वाक्य असे केले : 'दुबार पानांपैकी एक प्रमाण पत्ता ठरवा आणि आतले सगळे दुवे त्याच पत्त्याकडे न्या.' चालेल?

– चालेल. फक्त 'आतले'च्या जागी 'स्थळावरचे' करा.