मदत हवी: दोन्ही बुलबुल सह्याद्रीतलेच, मग एकालाच धोका कसा? (अर्जंट)

साखळीची_नेहा: पोस्टर उद्या सकाळी प्रिंटला जायचंय. दोन बुलबुलांची तुलना आहे, दोघेही पश्चिम घाट सोडून कुठेच नाहीत, तरी आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत एक निअर थ्रेटन्ड (धोक्याच्या उंबरठ्यावर) आणि दुसरा लीस्ट कन्सर्न (फारशी काळजी नाही). का? दोन ओळीत सांगा प्लीज.

वाळपई_वारा: कुठले दोन? शिपाई आणि लालबुड्या असतील तर ते सगळीकडे असतात.

साखळीची_नेहा: अहो आपल्या गोव्याचा राज्यपक्षी आणि तो राखाडी डोक्याचा, आणखी कुठले!

दुर्बीण: म्हणजे राज्यपक्षी फ्लेम-थ्रोटेड बुलबुल आणि राखाडी तो ग्रे-हेडेड. ग्रे-हेडेडला दाट ओलं सदाहरित जंगल लागतं, खाली झुडपं, बांबूची बेटं, आणि तेच जंगल तुटतंय, त्यात त्याची संख्या मुळातच कमी धरलीय म्हणून तो निअर थ्रेटन्ड. आणि जुनं पुस्तक बघून राज्यपक्ष्याला तुरा दाखवू नका, पूर्वी त्याला काळ्या तुऱ्याच्या बुलबुलाची उपजात धरायचे, पण आपल्या पक्ष्याला तुरा नाही.

कुळागरवाला: हे सगळं कागदावर. बोंडल्याच्या अभयारण्यात दोघे एकाच झाडावर फळं खाताना बघितलेत मी.

दुर्बीण: एका झाडावर दिसले म्हणून संख्या सारखी होते काय? यादी बघते पक्षी किती उरलेत, किती वेगाने घटतायत, पसारा केवढा. फक्त घाटातला असणं हा वेगळा मुद्दा.

कुळागरवाला: पण राज्यपक्षी आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) मिरीच्या वेलापर्यंत येतो, हा राखाडी कधी येत नाही, ते मात्र खरं.

दुर्बीण: मग मी तेच सांगतोय ना, राज्यपक्ष्याचं बागेतही भागतं, राखाडीला दाट जंगलच लागतं!

म्हापशेचे_काका: बुलबुल पपई पिकायच्या आधीच फोडतात, फळाला जुनी मच्छरदाणी बांधा.

वाळपई_वारा: काका, धागा वाचा हो.

मोले_भटक्या: यलो-ब्राउड बुलबुल पण घाला, तोही पिवळा, लोक त्यालाच राज्यपक्षी समजतात. त्याचं डोकं काळं नसतं.

साखळीची_नेहा: तिसऱ्याला जागा नाही. जंगल तुटतंय, संख्या कमी, एवढं लिहिते. अजून एक, राज्यपक्ष्याचा गळा प्रिंटमध्ये केशरी येतोय, लाल करून घेऊ?

दुर्बीण: नको, तो केशरीकडे झुकणारा लालच असतो. डोळा तेवढा फिकट ठेवा, काळा नको. राखाडीचा पण.

म्हापशेचे_काका: मच्छरदाणी नसेल तर कांद्याची जाळी पण चालते.