पाळीव बेडकाला रातकिडे आणि कॅल्शियम एवढे पुरते का?

ओलमाती: न्यू जर्सीत माझ्याकडे चार वर्षांपासून ऑस्ट्रेलियन हिरवा वृक्षबेडूक आहे. दुकानदार गळ्यात मारतात ते पूरक पुडींचे चार-चार डबे अनावश्यक असतात, असे माझे मत आहे. रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर आणि पालेभाजी भरपूर खाऊ घालावी व देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी, एवढे पुरे. रातकिड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो आणि ती तूट भरली नाही, तर बेडकाचा जबडा मऊ पडतो, बोटे थरथरतात, हे मी जाणतो. महिनाभर मात्र आमचे हे महाशय नेम धरून झेप घेतात, जीभ किड्याला लागतेही, पण किडा निसटतो. वयोमानाने नजर अधू झाली असावी.

काचपेटी: हा बेडूक नीट सांभाळल्यास पंधरा वर्षेही जगतो; चौथ्या वर्षी त्याला म्हातारा कसले ठरवता? जीभ किड्यापर्यंत पोहोचते आहे, म्हणजे नजर शाबूत आहे. गेला आहे तो जिभेचा चिकटपणा. अ जीवनसत्त्व कमी पडले, की जिभेवरच्या चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी बिघडतात आणि भक्ष्य चिकटत नाही. गाजराच्या भरवशावर राहू नका, कारण त्यातल्या बीटा-कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व तयार करणे अनेक बेडकांना पुरेसे जमत नाही. त्यांना रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचे तयार रूपच लागते. ज्या चार डब्यांची आपण थट्टा केलीत, त्यांतला एक तरी खरोखर हवा होता.

सबुरी: निदान पटण्याजोगे आहे, पण घरच्या घरी औषधोपचार सुचवू नयेत. हे जीवनसत्त्व मेदात विरघळणारे असल्यामुळे शरीरात साठत जाते, आणि ते अति झाले, तर ड जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. म्हणजे जीभ सुधारायला जावे आणि हाडे गमावून बसावे. माझ्या बेडकाने अन्न सोडले, तेव्हा मीही आठवडाभर पुड्या बदलत बसलो होतो. पशुवैद्याने क्ष-किरण काढला, तर पोटात टाकीतले खडे निघाले.

काचपेटी: खड्यांचा मुद्दा मान्य. परंतु उभयचरांचा पशुवैद्य प्रत्येक गावी असतो थोडाच? माणसांच्या गोळ्या फोडून तोंडात थेंब टाकणे निराळे आणि रेटिनॉल असलेली पूड डब्यावरच्या प्रमाणात किड्यांना लावणे निराळे. पहिल्याला माझाही विरोधच आहे.

ओलमाती: आत्ता माझा कॅल्शियमचा डबा उजेडात धरून वाचला. त्यात कॅल्शियम आणि ड-३ आहे, अ जीवनसत्त्वाचा उल्लेखच नाही, आणि मुदत गेल्या वर्षीच उलटलेली आहे. चिमट्यात गांडूळ धरून थेट तोंडापाशी नेले, तेव्हा त्याने दोन्ही पुढच्या पायांनी ते आत कोंबले. भूक आहे तर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बेडकाला भांड्यासकट ठेवून भांड्याचे वजन वजा केले, तर 52 ग्रॅम भरले. पशुवैद्याची वेळ गुरुवारची मिळाली आहे, तोवर नवी पूड उघडणार नाही. उरलेले तीन डबे मला अजूनही जास्तच वाटतात.