रोज तळजाईला जातात, पण पाटावरून उठता येत नाही

सहकारनगरकर
परवा इथे एकांनी लिहिलं होतं, "रोज दहा हजार पावलं झाली की शरीराला दुसरं काही लागत नाही, बाकी सगळी फॅडं." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे बाबा 71 वर्षांचे. बारा वर्षं रोज पहाटे तळजाई टेकडीवर चालायला जातात. दम लागत नाही, शुगर नाही. गेल्या महिन्यात घरी सत्यनारायण होता. पूजा आटोपली आणि बाबांना पाटावरून उठता येईना. एक हात जमिनीला टेकला, दुसऱ्यानं चौरंगाची कड धरली. चौरंग कलला, कलशातलं पाणी पोथीवर सांडलं. शेवटी मी आणि भावानं काखेत हात घालून उभं केलं. त्यांचा तेव्हाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

चालताना गुडघा साधारण 60 अंशांपर्यंत वाकतो. उकिडवं बसायला 130 च्या आसपास किंवा पुढे वाकावा लागतो. बारा वर्षं जे वाकणं केलंच नाही, ते ऐन वेळी कुठून येणार? खांद्यांचंही तेच, दिवसभरात हात डोक्याच्या वर जातो कधी? आणि तो दहा हजारांचा आकडा 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं जे यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातून पसरला. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मीटर'.

वारजे_वॉकर
ती पोस्ट माझीच. 44 व्या वर्षी शुगर निघाली तेव्हा वजन 96 किलो होतं. जिमचे पैसे तीनदा भरले, तीनदा बुडाले. शेवटी नुसता चालत राहिलो, सतरा किलो उतरले. हिंजवडीहून घरी यायला दीड तास जातो. त्यात तुम्ही म्हणणार खांदे फिरवा, मांडी घाला. एवढी यादी ऐकली की माणूस चालायचंही सोडतो. निदान चालतायत त्यांना चालू द्या.

नळस्टॉप
मूळ दोष कमोडचा आहे. पूर्वी दिवसातून एकदा तरी प्रत्येकजण उकिडवा बसायचाच, व्यायाम म्हणून वेगळं काही लागत नव्हतं. आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चाललंय. नव्या प्लॅनमध्ये प्रत्येक फ्लॅटला तीन संडास, तिन्हींत कमोड. मी मीटिंगमध्ये म्हटलं एक तरी भारतीय ठेवा. उत्तर आलं, "काकू, रीसेलला अडचण येते."

कसबा_पेठ
हे वाचून संताप आला. माझी आई वाड्यात वाढली. विळीवर बसून चिरणं, मोरीत बसून धुणं, बसूनच फरशी पुसणं. 63 व्या वर्षी दोन्ही गुडघे बदलावे लागले. ऑपरेशनच्या आधीची दोन वर्षं ती संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायची नाही, रात्री त्या भारतीय संडासात बसावं लागू नये म्हणून. कमोड बसवला त्या दिवशी रडली. बायकांच्या गुडघ्यांवर घरं चालली, त्याला आता तुम्ही व्यायाम म्हणताय.

नळस्टॉप
तुमच्या आईंबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण मी कमोड काढा म्हटलेलं नाही. तीनात एक भारतीय, एवढंच मागितलं. मी 68 ची आहे, आजही उकिडवी बसते. ते माझ्याकडून का काढून घेता?

कसबा_पेठ
तुम्हाला जमतं म्हणून तो नियम होत नाही, काकू. आणि घरात पाय मोडलेला माणूस असला तर?

नळस्टॉप
अहो, उरलेले दोन आहेत ना त्याला! नीट वाचा तरी.

मी_फिजिओ
संडासावरून भांडण थांबवा, दोघींचंही काही अंशी बरोबर आहे. रोज तासन्‌तास उकिडवं बसून किंवा गुडघे टेकून काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त दिसते, हे खरं. पण कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो-जातो तेव्हा आतल्या वंगणातून तिला पोषण मिळतं. म्हणून चार तास विळीवर बसणंही वाईट आणि नऊ तास खुर्चीत बसणंही वाईट. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये 65 च्या पुढच्यांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे वेगवेगळे व्यायाम सांगितलेत, ते चालण्याला धरून, त्याऐवजी नाही. गुडघे बदललेल्यांनी आणि दुखणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उकिडवं बसू नये.

सहकारनगरकर, बाबांना एकदम जमिनीवर बसवू नका. आधी खुर्चीवरून हात न टेकता उठणं, मग बुटकं स्टूल, मग चौरंग.

सहकारनगरकर
तेच सुरू केलंय. खुर्चीवरून दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. तळजाईलाही रोजचा सपाट रस्ता सोडून थोडी चढ-उताराची वाट घ्यायला सांगितलंय. सुरुवातीला चिडले, "मी काय म्हातारा झालो का?" वारजेकर, चालणं सोडा असं मी कुठेच म्हटलं नाही. तुमच्या 'दुसरं काही लागत नाही' या वाक्याशी माझं भांडण आहे.

कसबा_पेठ
खुर्चीवरून उठण्याला माझी हरकत नाही. आई तेवढं करते. विळी मात्र आमच्या घरात परत येणार नाही.

वारजे_वॉकर
काल रात्री जमिनीवर बसून जेवलो, मुलीच्या पैजेवर. उठताना डावा हात टेकावा लागला आणि उजव्या पायाला मुंग्या आल्या. ते वाक्य मागे घेतो. पण चालणं हे पहिलं, यावर मी ठाम आहे.