ई-माउंटन बाइकची वेगमर्यादा काढावी का?

प्रश्न: मी म्युनिकजवळ राहतो. माझ्या ई-माउंटन बाइकची (डोंगरवाटांसाठीच्या, पॅडलला मोटरची साथ देणाऱ्या सायकलची) मोटर ताशी २५ किलोमीटरला साथ सोडते आणि सपाटीवर २४ किलोंचे धूड नुसत्या पायांनी रेटावे लागते. ही मर्यादा काढणे कितपत योग्य ठरेल?

उत्तर १: मोटर वेग ओळखते तो चाकावरील चुंबकाच्या संकेतावरून; तो निम्मा दाखवून तिला फसवणारे उपकरण मिळते, मात्र ते बसवताच जर्मन कायद्याच्या दृष्टीने सायकल मोटारवाहन ठरते, आणि विम्याविना ती सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा फौजदारी गुन्हा आहे. अशा वाहनाला जंगलवाटा बंद होतात, ते वेगळेच.

उत्तर २: शिवाय अनेक नव्या मोटर ही फसवणूक ओळखून साहाय्यच घटवतात. चढावर मर्यादा आड येत नाही. सपाटीसाठी टायरमधील हवा थोडी वाढवून पाहावी.

प्रश्नकर्ता: हवेचे सुचलेच नव्हते. आभारी आहे.