प्रतिसाद: वाळूवरची लाल साय

खाऱ्या पाण्याच्या कोरल (प्रवाळ) टाकीत टेस्ट नायट्रेट शून्य दाखवतंय तरी वाळूवर लाल थर का येतो, असं तुम्ही विचारलंय. (नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्यं.) ते शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारे जिवाणू आहेत. त्यांच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच वापरतात. त्यामुळे नायट्रेट संपलं आणि फॉस्फेट उरलं की कोरल उपाशी राहतात आणि यांचं फावतं. म्हणून नायट्रेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका; ५ पीपीएमच्या (दहा लाखात ५ भाग) आसपास असू द्या.

माझ्या टाकीत दगडामागे प्रवाह पोचत नव्हता, तिथूनच सुरुवात झाली. दुपारपर्यंत थरावर ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे चढायचे. बारीक नळीने ओढला की सायीसारखा अख्खा निघायचा. पाणी बदलताना तो असाच काढत राहिलो, पंपाचं तोंड तिकडे वळवलं, आरओ फिल्टरचं डीआय रेझिन (पाण्यात उरलेले क्षार काढणारे दाणे) बदललं. महिनाभराने वाळू पांढरी दिसली.

एरिथ्रोमायसिन (जिवाणू मारणारं अँटिबायोटिक) घालायची घाई कृपया करू नका. थर एकदम मरून कुजला की ऑक्सिजन घसरतो आणि रात्रीत मासे जातात. थर घालवायला तीन दिवस टाकीत अंधार केलात तरी एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवा. फॉस्फेट किती येतंय? आकडा टाका, पुढचं बघू.