साहित्य पुरस्काराच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच जातेय, मैत्रीण अंतिम यादीत आहे

वाचनवेडी:
पुढच्या शनिवारी आमच्या भागातल्या एका छोट्या साहित्य पुरस्काराचा कार्यक्रम आहे. अंतिम यादीत पाच पुस्तकं, त्यातलं एक माझ्या मैत्रिणीचं, पहिलाच कथासंग्रह तिचा. तिने आग्रहाने बोलावलंय पण मी लिहिणारी नाही, नुसती वाचणारी, तिथे सगळे एकमेकांना ओळखणारे लेखक-प्रकाशक असतील, मी तिथे करणार काय असं सारखं वाटतंय. आणि खरी धाकधूक वेगळीच, तिला नाही मिळाला तर तिच्याशी बोलू काय? निकाल तिला आधीच कळलेला असतो का? विचारायची हिंमत होत नाहीये.

काठावरचा:
दोन्ही प्रकारे चालतं. काही ठिकाणी नाव आधीच जाहीर करतात आणि कार्यक्रम फक्त प्रदानाचा, नोबेलचं तसंच, घोषणा ऑक्टोबरमध्ये आणि प्रदान १० डिसेंबरला. काही ठिकाणी बुकरसारखं, अंतिम यादीतल्या सहा जणांपैकी कोण ते कार्यक्रमातच कळतं. तुमच्याकडे यादी आलीय आणि विजेता नाही म्हणजे दुसरा प्रकार दिसतोय. तिला माहीत नाही असंच धरून चल. माहीत असलं तरी आयोजकांनी कुणाला सांगू नका म्हटलेलं असतं, उगाच पंचाईत होईल तिची.

पानखूण:
मी तीन वर्षांपूर्वी अशाच एका यादीत होते, मिळाला नाही. दुसऱ्याचं नाव पुकारलं तो क्षण टाळ्या वाजवण्यात निघून गेला, त्रास झाला तो नंतरच्या अर्ध्या तासात. गर्दी सगळी विजेत्याभोवती, ते बरोबरच आहे, आणि ओळखीचे लोक माझ्याकडे येऊन "यादीत आलं हेच खूप" म्हणून पुढे जायचे. मनापासून म्हणत होते, पण ते ऐकलं की पुढे बोलायला काही उरतच नाही. मग एक अनोळखी बाई आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या कादंबरीतली आजी शेवटी किल्ली परत का देत नाही, मी दोन दिवस तेच घेऊन बसलेय. आम्ही सभागृहाचे दिवे मालवेपर्यंत बोलत होतो. त्या संध्याकाळचं मला आज तेवढंच आठवतं. म्हणून सांगते, सांत्वन करू नकोस, तिच्या कथेतली एखादी जागा पकड आणि विचार.

तिसरी खुर्ची:
मी दोनदा परीक्षक होतो. एकदा आम्ही तिघं शेवटच्या दोन पुस्तकांवर अडीच तास अडलो होतो, मग एकाचं मत फिरलं आणि निकाल लागला. दुसऱ्या दिवशी बसलो असतो तर कदाचित दुसरं पुस्तक आलं असतं असं मला अजून वाटतं, म्हणून "हरली" हा शब्द मनातसुद्धा आणू नकोस. परीक्षकांना मात्र हिचं का नाही असं विचारू नका, बैठकीतलं बाहेर सांगायचं नसतं (नोबेलची नामांकनं तर ५० वर्षं बंद ठेवतात).
आणि छोटा पुरस्कार म्हणून कमी लेखू नकोस. फ्रान्समधलं गोंकूर हे साहित्य पारितोषिक १९०३ पासून दिलं जातं, आज त्याचा चेक १० युरोंचा आहे, तरी ते मिळालेल्या पुस्तकाच्या प्रती लाखांनी खपतात. पुरस्काराने वाचक मिळतात, आणि वाचक म्हणजे तूच की. सभागृहात लिहिणारे भरपूर असतात, पुस्तकं खरंच वाचून आलेले फार थोडे. जमलं तर बाकीच्या चारातलं एखादं वाचून जा, त्या लेखकालाही कुणीतरी भेटायला हवं असतं.

वाचनवेडी:
ग्रंथालयात विचारलं, चारातली दोन मिळतायत, एक कवितासंग्रह आणि एक प्रवासवर्णन. कविता तरी शनिवारपर्यंत नक्की होतील. आणि मैत्रिणीच्या तिसऱ्या कथेचा शेवट मला अर्धवट सोडल्यासारखा वाटला होता, हे मी तिला कधी बोललेच नाही, तेच विचारेन म्हणते. पण कार्यक्रमाच्या आधी की नंतर?

पानखूण:
नंतर. आधी तिच्या डोक्यात काहीच शिरणार नाही.