मॅड रिव्हर ग्लेन: जुनाट हट्ट, की राखलेला डोंगर?

नदीकाठ:
काल हिमशिखर यांनी लिहिलं की अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातले मॅड रिव्हर ग्लेनसारखे, कोणत्याही बड्या कंपनीचे नसलेले स्कीचे डोंगर म्हणजे म्हाताऱ्यांचं स्मरणरंजन. मोठ्या कंपनीचा हंगामी पास काढावा, तिचे चाळीसेक डोंगर फिरावेत, एका खुर्चीवर एकच माणूस वर नेणारी लिफ्ट आजच्या काळात हवीच कशाला! ते काही डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

हा डोंगर उभारणारे रोलंड पाल्मेडो आधी व्हरमाँटमधल्याच स्टो या स्कीच्या गावी रमलेले. तिथल्या माउंट मॅन्सफील्डवर 1940 मध्ये चेअरलिफ्ट उभी राहिली, त्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे तिथे धंदा वाढला तसं त्यांचं मन उडालं आणि 1948 मध्ये त्यांनी फेस्टनला हा डोंगर उभा केला. 1972 पासून तो बेट्सी प्रॅट आणि त्यांच्या नवऱ्याच्या हाती होता. नवरा गेल्यावर बाईंनी एकटीने चालवला आणि 1995 मध्ये एखाद्या कंपनीला न देता तिथे स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेला विकला. स्टो 2017 मध्ये व्हेल या बड्या स्की कंपनीकडे गेलं. मॅड रिव्हर अजून सभासदांचा आहे.

आता ती खुर्ची. मागून येते, गुडघ्यामागे टेकते आणि तुम्ही एकटेच वर निघता. शेजारी बडबडायला कोणी नाही. खाली शूट नावाचा उतार, त्यावरून कोणी नीट उतरलं की वरून जाणारे अनोळखी लोक ओरडून दाद देतात. 2007 मध्ये लिफ्ट नव्याने बांधायची वेळ आली, तेव्हा दुहेरी खुर्ची सहज बसवता आली असती. सभासदांनी एकेरीच ठेवली. तिथे बहुतेक सगळा बर्फ मशीनचा नसतो, आभाळातून पडतो. दुप्पट माणसं वर नेली तर अरुंद वाटांवरचा बर्फ दुपारपर्यंत घासून जाईल. लिफ्टवरून कमी माणसं जातात, म्हणून डोंगर टिकतो.

हिमशिखर:
इतिहास छान सांगितलात, पण आभाळातूनच बर्फ पडणार असेल तर जानेवारीत पाऊस झाला की काय करायचं? खडक आणि नुसता काच झालेला बर्फ. अशाच एका छोट्या डोंगरावर (नाव घेत नाही) लिफ्ट मध्येच बंद पडली आणि आमची धाकटी थंडीने रडत वर लटकली होती. मोठ्या ठिकाणी मशीनचा बर्फ असतो, पैसे वसूल होतात. दोन मुलांच्या बापाला काव्य परवडत नाही.

नदीकाठ:
परवडण्याचंच बोलू. व्हेलला गर्दीच्या दिवशी एका दिवसाचं तिकीट तीनशे डॉलरच्या वर जातं. मॅड रिव्हरला त्याच्या निम्मेही पडत नाहीत. आणि पैसे वसूल म्हणताय, तर 2024 च्या नाताळात व्हेलच्याच यूटामधल्या पार्क सिटीच्या स्की पेट्रोलने (उतारांवरच्या सुरक्षा पथकाने) संप केला तेव्हा मोठ्या कंपनीचे पासवालेच लिफ्टखाली तासन्‌तास उभे होते.

हिमशिखर:
एका दिवसाचं तिकीट काढतो कोण? 2008 मध्ये व्हेलचा एपिक नावाचा हंगामी पास 579 डॉलरला आला, म्हणून आमच्यासारखे मध्यमवर्गीय अख्खा हंगाम स्की करू लागले. हेही मान्य करा.

नदीकाठ:
केलं. पासमुळे स्वस्त झालं, एवढंच.

बोर्डवाली:
तुम्ही दोघं खुर्चीवर भांडताय आणि मूळ गोष्ट कोणी काढत नाही. तिथे स्नोबोर्डला बंदी आहे! सगळ्या अमेरिकेत असे तीनच डोंगर: यूटामधले आल्टा आणि डिअर व्हॅली, आणि हा. पायात दोन फळ्या असल्या तर आत, एक असली तर बाहेर. याला राखलेला डोंगर म्हणायचं?

नदीकाठ:
ऐंशीच्या दशकात तिथे बोर्ड चालत होते, मग बंद झाले. आता डोंगर सभासदांचा आहे, सभासद ठरवतील.

बोर्डवाली:
सभासद ठरवतील! म्हणजे आधीपासून आत बसलेले ठरवणार की बाहेरच्यांना घ्यायचं की नाही. आल्टावर 2014 मध्ये बोर्डवाले कोर्टात गेले, कारण ती जमीन सरकारी. 2016 मध्ये अपिलातही हरले. कायदा तुमच्या बाजूने असेल, पण न्याय नाही.

ऊसकरी:
माझं स्कीशी घेणंदेणं नाही, पण 'सभासद ठरवतील' वाचून राहवलं नाही. माझे वडील चाळीस वर्षं एका साखर कारखान्याचे सभासद. वार्षिक सभेत प्रश्न विचारायला उठले की माइक बंद. उसाचं बिल दीड वर्ष थकलं. डोंगर आहे म्हणून सहकार पवित्र होत नाही, ताई.

नदीकाठ:
दादा, वडिलांच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण इथला मामला वेगळा आहे. एका माणसाला चारपेक्षा जास्त शेअर घेता येत नाहीत, त्यामुळे कोणी डोंगर खिशात घालू शकत नाही. इथे ना कर्ज मिळतं, ना नोकऱ्या वाटायला मिळतात.

ऊसकरी:
सत्ता कमी म्हणून भांडण कमी, एवढंच. शेअरची मर्यादा मात्र आमच्याकडे पाळली असती तर बरं झालं असतं.

बोर्डवाली:
आणि माझा प्रश्न? चार-चार शेअरवाले सगळे मिळूनही चुकीचं ठरवू शकतात. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी एकमताने भाडेकरूंच्या मुलांना बागेत बंदी केली होती. एकमत होतं, म्हणून बरोबर झालं का?

नदीकाठ:
नाही झालं. पण बागेला पर्याय नव्हता. मॅड रिव्हरच्या शेजारीच शुगरबुश आहे, तिथे बोर्ड खुशाल चालवा.

बोर्डवाली:
"शेजारी जा" हे उत्तर प्रत्येक बंदी घालणाऱ्याकडे तयार असतं.

हिमशिखर:
बोर्डवालींचं म्हणणं मला पटतं. तरी खुर्चीचं कारण मला माहीत नव्हतं, बर्फ घासून जातो ते. मी फक्त वेळेचा हिशोब करत होतो. पण नदीकाठ, पाऊस पडला त्या आठवड्यात तुम्ही काय करता, ते अजून सांगितलं नाहीत.

नदीकाठ:
जात नाही. पुन्हा बर्फ पडायची वाट बघतो, आणि पडला की पहाटे चारला निघतो.